रोमिंगमध्ये नेटवर्कची सेटिंग्ज कशी ठेवावीत : ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीला कोकणात, डिसेंबरात गोव्याला, मे महिन्यात मुलाकडे दुबईला नाहीतर मुलीकडे सिडनीला. ठाणे, ऐरोली, वाशी, खारघरमधली माणसं सारखी कुठे ना कुठे निघालेली असतात, आणि फोनबद्दलचे प्रश्न बहुतेक वेळा निघायच्या आदल्या रात्री सुचतात. या पानावर ते एकत्र केले आहेत. सगळ्यात जास्त गोंधळ एकाच बटणावरून होतो, ते म्हणजे ‘डेटा रोमिंग’, आपल्या भागाबाहेर गेल्यावर सिमचं इंटरनेट चालू देणारं बटण. देशात ते चालूच ठेवायचं आणि देशाबाहेर पॅक घेतल्याशिवाय चालू करायचं नाही. घाईत असाल तर एवढं वाचून निघालात तरी चालेल. वेळ असेल तर पुढचंही वाचा.

फोनच्या कंपनीप्रमाणे मेन्यूतली नावं थोडी बदलतात. एखादी गोष्ट सापडली नाही तर सेटिंग्ज उघडून वरच्या शोधायच्या पट्टीत ‘रोमिंग’ किंवा ‘नेटवर्क’ हा शब्द इंग्रजीत लिहा, नेमकं पान समोर येतं.

देशातल्या देशात

ठाण्याहून पुण्याला गेलं तरी फोनवर रोमिंगची खूण का दिसते? राज्य तर एकच आहे.

मोबाइल कंपन्यांना परवाने देताना दूरसंचार विभागाने देशाचे २२ भाग पाडले आहेत. त्यांना आपण सर्कल म्हणतो. मुंबई हे स्वतंत्र सर्कल आहे आणि त्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली येतात. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं सर्कल होतं. म्हणजे तुम्ही कसारा घाट चढून इगतपुरीला पोचलात किंवा एक्स्प्रेसवेने लोणावळ्यात शिरलात की तुमचं सिम परक्या सर्कलमध्ये असतं, कंपनी तीच असली तरीही. फोनला हे टॉवरच्या आकड्यावरून कळतं. उदाहरणार्थ, एअरटेलचा मुंबईचा आकडा ४०४-९२ आहे आणि महाराष्ट्र-गोव्याचा ४०४-९०. सिमवरचा आकडा आणि टॉवरचा आकडा जुळला नाही की फोन ‘आर’ दाखवतो. काही फोन ही खूण दाखवत नाहीत, पण आत गणित तेच चालू असतं.

मग त्याचे जास्तीचे पैसे पडतात का?

आता नाही. एके काळी रोमिंगमध्ये आलेला फोन उचलला तरी पैसे जायचे. म्हणून आजही अनेक घरांत आई-वडील गावाला पोचले की मिस्ड कॉल देतात आणि आपण फोन करायची वाट बघतात. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने १ मे २०१५ पासून रोमिंगच्या दरांची कमाल मर्यादा खाली आणली. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आली ती देशांतर्गत रोमिंगचे पैसे न लावता, आणि मग बाकीच्यांनीही ते काढून टाकले. तुमच्या रिचार्जमध्ये जे कॉल आणि जो डेटा आहे तोच नाशिकला, बेळगावला आणि गुवाहाटीलाही चालतो. घरातल्या ज्येष्ठांना हे एकदा नीट समजावून सांगा. पैशांच्या धाकाने प्रवासात फोन बंद ठेवणारी माणसं अजून आहेत, आणि फोन लागला नाही की घरच्यांच्या जिवाला घोर लागतो.

देशात फिरताना डेटा रोमिंगचं बटण चालू हवं का?

हो. ते बंद असेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सर्कल बदललं की इंटरनेट थांबतं. कॉल लागतात, टॉवरच्या दांड्या पूर्ण दिसतात, पण व्हॉट्सॲप चालत नाही आणि यूपीआयचं पेमेंट अडकतं. माणसं फोन बंद-चालू करत बसतात, सिम काढून पुसतात. कारण या बटणात असतं. काही फोन एकाच कंपनीच्या दुसऱ्या सर्कलला रोमिंग मानत नाहीत, त्यामुळे एकाच गाडीतल्या दोघांपैकी एकाचं नेट चालतं आणि दुसऱ्याचं बंद पडतं. काही फोनमध्ये ‘फक्त देशांतर्गत रोमिंग’ असा वेगळा पर्याय असतो. तो दिसला तर तोच निवडा.

ते चालू राहिलं आणि चुकून परदेशी नेटवर्क पकडलं तर?

आंतरराष्ट्रीय रोमिंग ही वेगळी सेवा आहे. ट्रायच्या नियमाप्रमाणे ग्राहकाने स्वतः मागितल्याशिवाय ती बंदच असते. त्यामुळे साधं प्रीपेड सिम घेऊन सीमेजवळ फिरताना घाबरायचं कारण नाही. जपायला हवं ते पोस्टपेडवाल्यांनी. मागच्या परदेशवारीत ही सेवा चालू करून घेतली आणि परत आल्यावर बंद केलीच नाही, असं पुष्कळ जणांचं असतं. कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन एकदा बघून घ्या.

कोकणात गेलं की रेंज येते आणि जाते. सेटिंगमध्ये काही बदलता येतं का?

येतं, आणि त्याने बराच फरक पडतो.

आधी नेटवर्कचा प्रकार बघा. शहरात वेगासाठी कुणी ‘फक्त फोरजी’ किंवा ‘फक्त फाइव्हजी’ करून ठेवलेलं असेल तर ते काढा आणि टूजीपर्यंत सगळे प्रकार असलेला आपोआप निवडीचा पर्याय ठेवा. एअरटेल, व्ही (व्होडाफोन-आयडिया) किंवा बीएसएनएलच्या सिमवर डोंगराआडच्या वाडीत कधी कधी टूजीच मिळतं. त्यावर नेट जवळजवळ चालत नाही, पण फोन लागतो, आणि अडीअडचणीला तेवढं पुरतं. जिओला टूजी-थ्रीजी मुळातच नाही, सगळे कॉल फोरजी-फाइव्हजीवरूनच जातात. म्हणून जिओच्या सिमवर व्होल्टीचं, म्हणजे फोरजीवरून कॉल करू देणारं, बटण चालू असायलाच हवं.

दुसरं, फाइव्हजी. जिथे फाइव्हजीचा सिग्नल अर्धवट आहे तिथे फोन त्याच्या आणि फोरजीच्या मध्ये सारखा ये-जा करतो, नेट अडखळतं आणि बॅटरी उतरते. घाटात आणि गावी चार दिवस फाइव्हजी बंद करून फोरजीपासून टूजीपर्यंतचा पर्याय ठेवणं जास्त सुखाचं. ठाण्यात परतलात की पुन्हा फाइव्हजी चालू करा.

तिसरं, रेल्वेचा प्रवास. टॉवर लांब गेला की फोन जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो. रोह्यापुढे कोकण रेल्वेवर बोगद्यामागून बोगदे येतात. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा आहे. प्रत्येक वेळी तुटलेलं नेटवर्क पुन्हा शोधण्यात फोन तापतो आणि चार्जिंग संपतं. रात्रीच्या गाडीला झोपताना फ्लाइट मोड लावला तर सकाळी सावंतवाडीला उतरून रिक्षावाल्याला फोन करण्याइतकी बॅटरी नक्की उरते.

एवढं करूनही गावात रेंज नसेल तर तो सेटिंगचा प्रश्न नाही. शेजारी कोणतं सिम वापरतात ते विचारा आणि त्या कंपनीचं दुसरं सिम फोनमध्ये ठेवा. गावच्या घरी ब्रॉडबँड घेतला असेल तर ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करा. टॉवर नसला तरी घरातल्या वाय-फायवरून नेहमीच्या नंबरवरूनच कॉल होतात, आणि त्याला वेगळं ॲप लागत नाही.

आपल्या कंपनीची रेंज नसेल तर हाताने दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क निवडता येतं का?

यादीत सगळी नावं दिसतात, पण दुसऱ्या कंपनीवर बोट ठेवलं की ‘नोंदणी झाली नाही’ असं उत्तर येतं. मात्र ११२ हा आपत्कालीन नंबर आवाक्यातल्या कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, हे लक्षात ठेवा.

याला अपवाद आहेत, आणि ते महत्त्वाचे आहेत. चक्रीवादळ किंवा पुराच्या वेळी दूरसंचार विभाग कंपन्यांना एकमेकींचे टॉवर वापरू द्यायला सांगतो. शिवाय सरकारच्या डिजिटल भारत निधीच्या पैशातून दुर्गम भागात उभे राहिलेले फोरजी टॉवर एकापेक्षा जास्त कंपन्यांच्या ग्राहकांना वापरता यावेत, अशी सोय १७ जानेवारी २०२५ला सुरू झाली. या दोन्हींचा फायदा मिळायचा तर नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’वर हवी. हाताने एकच कंपनी धरून ठेवलेला फोन दुसरीकडे जात नाही.

काश्मीर किंवा लडाखच्या सहलीला आमचं सिम चालेल का?

पोस्टपेड चालेल, प्रीपेड चालणार नाही. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम सुरक्षेच्या कारणाने जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालू दिली जात नाहीत. कोणतंही सेटिंग बदलून यातून वाट निघत नाही. ठाण्याहून मोठे ग्रुप अमरनाथला जातात, त्यांनी निदान प्रत्येक कुटुंबामागे एक पोस्टपेड नंबर असल्याची खात्री करावी. प्रीपेडचं पोस्टपेड करून घेता येतं, पण पुन्हा प्रीपेडवर यायचं तर ठरावीक मुदत थांबावं लागतं. म्हणून आपला मुख्य नंबर तसाच ठेवून घरातला दुसरा नंबर बदलून घेणं बरं. तीन-चार कुटुंबं एकत्र असतील तर एका पोस्टपेडवरून बाकीच्यांना हॉटस्पॉट देऊन काम भागतं, मात्र प्रीपेड नंबरांवरचे ओटीपी तिकडे येणार नाहीत.

आणि अंदमान?

चालतं, प्रीपेडही. अंदमान पश्चिम बंगाल सर्कलमध्ये मोडतं आणि दर देशातलेच. डेटा रोमिंग चालू ठेवा, एवढंच.

कॉल लागतात, डेटा रोमिंगही चालू आहे, तरी नेट नाही.

अर्धा मिनिट फ्लाइट मोड लावून काढा. दोन सिम असतील तर डेटासाठी कोणतं सिम निवडलं आहे ते बघा. तेही बरोबर असेल तर एपीएन तपासा. कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटवर जाण्याच्या दाराचं ते नाव असतं. जिओसाठी जिओनेट, एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट, आणि व्हीसाठी डब्ल्यू हे अक्षर तीनदा. इंग्रजी छोट्या लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहायचं. त्याच पानावर ‘एपीएन रोमिंग प्रोटोकॉल’ असा रकाना असतो, तिथे ‘आयपीव्ही४/आयपीव्ही६’ हा दोन्हींचा पर्याय ठेवा. काहीतरी बिघडल्यासारखं वाटलं तर ‘रिसेट टू डिफॉल्ट’ दाबा. त्याने फोटो किंवा नंबर जात नाहीत.

देशाबाहेर

परदेशी निघायच्या आधी कोणत्या क्रमाने काय करायचं?

घरच्या वाय-फायवर, निवांत बसून करा. विमानतळाच्या रांगेत करू नका.

आधी नंबर पोस्टपेड आहे की प्रीपेड ते बघा. प्रीपेड असेल तर नेहमीच्या रिचार्जची मुदत परत येण्याच्या तारखेपुढे जाते का ते पाहा, कारण मूळ रिचार्ज संपला तर वरून घेतलेला परदेशाचा पॅकही उपयोगी पडत नाही. मग कंपनीच्या ॲपमधून आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून पॅक घ्या. पॅक घेताना तीन गोष्टी वाचाच : देशांच्या यादीत तुमचा देश आहे का, त्या देशातल्या कोणत्या कंपन्यांवर पॅक लागू आहे, आणि दिवस कसा मोजला जातो. काही पॅकमध्ये पहिल्या वापरापासून २४ तास धरतात, काहींमध्ये तारीख बदलली की दिवस संपतो. एक दिवसाचा पॅक घेऊन रात्री अकराला उतरणाऱ्याला हा फरक भारी पडतो.

त्यानंतर फोनकडे वळा. ॲपचं अपडेट आणि फोटोंचा बॅकअप फक्त वाय-फायवर होईल असं करा, कारण न विचारता सगळ्यात जास्त डेटा हेच खातात. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होण्याच्या सेटिंगमध्ये ‘रोमिंगमध्ये असताना’ असा वेगळा रकाना आहे, तो रिकामा ठेवा. सोसायटीच्या ग्रुपवरची शुभ सकाळची चित्रं परदेशातल्या डेटावर उतरवायची गरज नाही. जायचं आहे त्या शहराचा नकाशा डाउनलोड करून घ्या. जीपीएसला डेटा लागत नाही, त्यामुळे नकाशा फोनमध्ये असला की रस्ता दिसतो. आणि फोनमधले घरचे नंबर +९१ लावून साठवा. एरवी लागणारा दहा आकडी नंबर तिकडून लागेलच असं नाही.

डेटा रोमिंग बंद ठेवलं तर बँकेचे ओटीपी येतील का?

येतील. एसएमएस डेटावरून येत नाही. त्यासाठी सिम चालू असणं आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू असणं पुरे. बहुतेक भारतीय कंपन्या रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसचे पैसे घेत नाहीत, पाठवलेल्याचे घेतात. म्हणून परदेशात असताना यूपीआयचं ॲप काढून पुन्हा टाकू नका. नोंदणी करताना ते तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवतं, तो गेला नाही तर तुम्ही अडकता. आयफोनवर सिम बदललं की आयमेसेज आणि फेसटाइमसुद्धा गुपचूप एक आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवतात, त्याचेही पैसे लागू शकतात.

कॉलचं गणित मात्र वेगळं आहे. परदेशात आलेला फोन उचललात तरी मिनिटामागे पैसे पडतात किंवा पॅकमधली मिनिटं जातात. कर्ज विकणाऱ्यांचे फोन तिकडेही पाठ सोडत नाहीत. अनोळखी नंबर शांत ठेवण्याचं सेटिंग लावून जा.

नेटवर्क आपोआप निवडू द्यावं की हाताने?

सुरुवातीला आपोआप. तुमच्या सिममध्ये कंपनीने पसंतीच्या परदेशी कंपन्यांची यादी घातलेली असते आणि फोन त्याच क्रमाने प्रयत्न करतो. उतरल्यावर पाच-दहा मिनिटं द्या. पॅक ज्या कंपनीवर लागू आहे तिचं नाव पट्टीवर दिसत नसेल तरच हाताने निवडा. यादीत कधी नावाऐवजी नुसते आकडे दिसतात. त्यातले पहिले तीन देशाचे असतात : भारत ४०४ आणि ४०५, नेपाळ ४२९, संयुक्त अरब अमिराती ४२४. दोन देशांच्या सीमेवर असताना हे फार कामाला येतं, कारण शेजारच्या देशाचा टॉवर पकडला गेला आणि तो देश पॅकमध्ये नसला तर दर एमबीच्या हिशोबाने लागतो. अशा ठिकाणी हाताने निवड करून फोन एका कंपनीवर बांधून ठेवा आणि सीमा मागे पडली की पुन्हा आपोआपवर आणा.

पॅक घेतला आहे, नेट चालतं, पण इतकं हळू का?

तुमचा डेटा बहुतेक वेळा त्या देशातून थेट इंटरनेटवर जात नाही. तो आधी भारतातल्या तुमच्या कंपनीकडे येतो आणि तिथून पुढे जातो. त्यामुळे प्रत्येक पानाला थोडा उशीर होतो. त्याचा फायदाही आहे : बँकेच्या ॲपला तुम्ही भारतातूनच आल्यासारखे दिसता, आणि चीनमध्ये स्थानिक सिमवर न उघडणारं व्हॉट्सॲप भारतीय सिमच्या रोमिंगवर साधारणपणे उघडतं.

परदेशातल्या डेटासाठी इ-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच डाउनलोड होणारं सिम) घेतलं आहे. दोन सिमची मांडणी कशी करावी?

आठवड्याभराच्या किंवा त्याहून लांबच्या प्रवासाला मला हीच मांडणी पसंत आहे. भारतीय सिम कॉल आणि एसएमएससाठी चालू, त्यावरचं डेटा रोमिंग बंद. इ-सिमवर मोबाइल डेटा, आणि फक्त त्याचं डेटा रोमिंग चालू. इथे एक बारीक सापळा आहे. आयफोनमध्ये ‘सेल्युलर डेटा स्विचिंगला परवानगी’ आणि अँड्रॉइडमध्ये ‘ऑटो डेटा स्विच’ नावाचं बटण असतं. ते चालू असेल तर एका सिमचा सिग्नल पडला की फोन दुसऱ्याचा डेटा वापरू बघतो. ते बंद करा.

व्हॉट्सॲप ‘नवीन नंबर वापरायचा का?’ असं विचारेल. नाही म्हणा. जुनाच नंबर राहतो आणि डेटा कोणत्याही सिमचा चालतो.

तुमचं भारतीय सिमच इ-सिममध्ये बदलून घ्यायचं असेल तर ते जायच्या बरंच आधी करा. सिम बदललं की सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात. विमानाच्या दिवशी हे केलंत तर नेमक्या गरजेच्या वेळी ओटीपी येणार नाही.

नेपाळला पासपोर्ट लागत नाही, मग रोमिंगही देशातलंच ना?

नाही. पशुपतिनाथाला किंवा मुक्तिनाथाला जाणाऱ्या यात्रेकरूंचा हा नेहमीचा समज असतो. नेपाळ हे आंतरराष्ट्रीय रोमिंगच आहे. तिथे नेपाळ टेलिकॉम आणि एनसेल या कंपन्या आहेत. सीमेवरच्या गावात भारतीय टॉवर काही अंतर पोचतो म्हणून सगळं सुरळीत वाटतं आणि काठमांडूच्या वाटेवर फोन गप्प होतो. पॅक भारतात असतानाच घ्या, किंवा तिथलं सिम घ्या.

दुबई किंवा दोहाला विमान बदलायचं आहे. पॅक तिथेच सुरू होईल का?

होऊ शकतो. विमान बदलेपर्यंत फ्लाइट मोड ठेवा आणि विमानतळाचं वाय-फाय वापरा. आकाशात आणि समुद्रात तर जास्तच जपा. विमान आणि क्रूझवर उपग्रहाला जोडलेलं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, ते देशाच्या पॅकमध्ये धरलं जात नाही आणि अतिशय महाग पडतं. जहाजाने किनारा सोडला की फ्लाइट मोड लावा.

आजीचा साधा बटणांचा फोन परदेशात चालेल?

देश बघावा लागेल. ऑस्ट्रेलियात थ्रीजी २०२४च्या अखेरीस बंद झालं, टूजी त्याआधीच गेलं होतं. जपान आणि दक्षिण कोरियात आपल्यासारखं टूजी चालत नाही. सिंगापूरने ते २०१७मध्ये बंद केलं. अशा देशांत व्होल्टी असलेला फोनच हवा, आणि तोही रोमिंगमध्ये व्होल्टी चालू देणारा. तिथे काही फोनमध्ये डेटा रोमिंग बंद असलं की कॉलही लागत नाहीत. तसं झालं तर डेटा रोमिंग चालू करून मोबाइल डेटाचं मुख्य बटण बंद ठेवून बघा.

आई-बाबा सहा महिने मुलाकडे राहणार आहेत. इथला नंबर चालू कसा ठेवायचा?

या प्रश्नाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं. त्या नंबरला बँक, आधार, पेन्शन, गॅस, डीमॅट सगळं जोडलेलं असतं. नंबर गेला आणि काही काळाने दुसऱ्या कुणाला मिळाला तर निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात.

ट्रायचा नियम असा : प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला गेला नाही तर तो बंद होऊ शकतो. खात्यात २० रुपये असतील तर ते कापून मुदत ३० दिवसांनी वाढते. या आधारावर सहा महिने काढणं धोक्याचं आहे. त्यापेक्षा सोपी वाट आता उपलब्ध आहे. डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने कंपन्यांना डेटाशिवाय फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला सांगितले आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल अशी तरतूद केली. परदेशात डेटा तिथल्या सिमचा वापरणाऱ्या आई-बाबांना असा वर्षाचा पॅक अगदी योग्य.

रिचार्जने नंबर जिवंत राहतो, पण परदेशात एसएमएस यायला आंतरराष्ट्रीय रोमिंगही चालू असावं लागतं. ते दोन्ही नंबरांवर, निघायच्या आधी, त्यांच्यासमोर करून द्या. पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी बँकेचा एखादा छोटा ओटीपी मागवून खात्री करून घ्या, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या वेळी नको. आणि तिथलं सिम घालताना इथलं सिम काढावं लागलं तर ते फोनच्या कव्हरमध्ये चिकटपट्टीने लावून ठेवा. नखाएवढी वस्तू, पाकिटातून हरवायला वेळ लागत नाही.

कॉल फॉरवर्ड करून जावं का?

परदेशात फोन उचलला नाही की तो भारतातल्या नंबरवर वळवण्याचं सेटिंग असेल तर कॉल आधी तिकडे जाऊन परत येतो आणि दोन्ही बाजूंचे पैसे पडू शकतात. निघण्यापूर्वी फोनच्या कॉल सेटिंगमधून सगळं फॉरवर्डिंग बंद करा. चांदणी आणि आकड्यांचे कोड दाबून फॉरवर्ड करण्याची सोय दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला सांगितली, कारण भामटे लोकांना ‘*४०१*’ने सुरू होणारा कोड दाबायला लावून त्यांचे कॉल स्वतःकडे वळवत होते. ‘तुमचं रोमिंग बंद पडणार आहे, हा कोड दाबा’ असं कुणी फोनवर सांगितलं तर फोन ठेवून द्या.

अमेरिकेहून भाचा ठाण्यात आला आहे. त्याच्या फोनमध्ये इथलं सिम टाकता येईल?

दोन गोष्टी तपासा. फोन तिथल्या कंपनीने हप्त्यावर दिलेला असेल तर तो त्याच कंपनीशी बांधलेला असू शकतो, मग दुसरं सिम चालत नाही. आणि अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ पासूनच्या फोनमध्ये सिमची फटच नाही, तिथे इ-सिमच लागतं. जिओ, एअरटेल आणि व्ही तिघीही इ-सिम देतात. घाई असेल तर घरातल्या जुन्या फोनमध्ये सिम टाकून त्याला हॉटस्पॉट द्या.

परत आलो, मुंबईला उतरलो, आणि नेटवर्कच येत नाही.

तिकडे हाताने निवडलेली कंपनी अजून तशीच असेल. फोन दुबईची कंपनी घाटकोपरात शोधत बसतो. नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’ करा आणि फोन एकदा बंद करून चालू करा. इ-सिमवर गेलेला मोबाइल डेटा भारतीय सिमवर परत आणा. तरीही जमलं नाही तर ‘नेटवर्क सेटिंग्ज रिसेट’ करा. त्याने साठवलेले वाय-फायचे पासवर्ड जातात, म्हणून घरचा पासवर्ड आधी लिहून ठेवा. मग कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय रोमिंग बंद करा.

पॅक असूनही बिल भरमसाट आलं. काय करावं?

पॅक घेतल्याचा एसएमएस, परदेशात उतरल्यावर आलेले एसएमएस, आणि डेटा ५०, ८० व १०० टक्के संपल्याच्या सूचना यांतलं काही पुसू नका. या सूचना पाठवणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि त्या आल्या नसतील तर तोच तुमचा मुद्दा होतो. फोनच्या सेटिंगमध्ये ‘रोमिंगमधला डेटा वापर’ वेगळा दिसतो, त्याचा स्क्रीनशॉट काढा. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्या, नुसत्या फोनवरच्या आश्वासनावर थांबू नका. मुदतीत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. त्याला पैसे लागत नाहीत. बिलातली वादाची रक्कम कोणती आणि मान्य रक्कम कोणती हे तक्रारीत वेगवेगळं लिहा, म्हणजे हिशोब स्पष्ट राहतो.